रानाचा तास

जिल्हा परिषदेच्या शाळेत आठवड्यातला एक तास रानाच्या ओळखीला द्यावा, की तोही इंग्रजी आणि संगणकाला द्यावा? शहापूर तालुक्यातल्या कुठल्याही गावापुढे हा प्रश्न आज येऊ शकतो. असा तास हवा म्हणणारी माणसं बहुतेक शहरातून आलेली असतात आणि नको म्हणणारे गावातलेच पालक असतात. दोघांचंही म्हणणं खरं आहे, म्हणून उत्तर सोपं नाही.

पुढच्या संवादातली माणसं कल्पित आहेत. भाची मुंबईत एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते. मामा शेती करतो. त्याची मुलगी सातवीत आहे आणि तो शाळा व्यवस्थापन समितीवर आहे. उद्या समितीची बैठक आहे.

भाची: मामा, तू उद्या नाही म्हणणार असं मामी सांगत होती. दुसऱ्या कुणाचं मी समजू शकले असते. मला रानात पहिल्यांदा नेलंस तूच.

मामा: तुला नेलं ते मे महिन्याच्या सुट्टीत. करवंदं खाल्लीस, शाळा उघडायच्या आत परत गेलीस. माझी आई रानात जायची ती आषाढात, कणगी रिकामी झाल्यावर. घरातलं भात संपलेलं, नवं यायला दिवाळी उजाडायची. टाकळा, कुर्डू, भारंगी यांवर तिनं आम्हाला जगवलं. तुम्ही ज्याला निसर्गाचं ज्ञान म्हणता ते आम्हाला भुकेनं शिकवलंय. आता पोटाला मिळतंय, तर तोच धडा पोरांनी पुन्हा का गिरवायचा?

भाची: भुकेनं शिकवलं हे खरं. पण नुसती भूक शिकवत नाही रे. शेवळं घे. मामी हाताला तेल लावून ती सोलते, आतला पिवळा भाग काढून टाकते, बारीक चिरून तेलात परतते आणि मग ठेचलेल्या काकडांचा रस घालते. काकडं मिळाली नाहीत तर चिंच. आंबट घातलं नाही तर घसा असा धरतो की पाणीही गिळवत नाही. मी वर्गात सांगते, सुरणाच्या या कुळात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात आणि तेच घशाला टोचतात. सूक्ष्मदर्शकातून ते मुलांना दाखवतेही. पण पहिल्या पावसात शेवळ जमिनीतून डोकं काढतं त्याच सुमाराला काकडाच्या झाडाला फळं धरलेली असतात, आणि या भाजीला तोच आंबटपणा लागतो, हे कुणीतरी ताडलं. चुकत-माकत तपासलं, लेकीसुनांना सांगितलं. हे काम प्रयोगशाळेतल्या कामापेक्षा कमी आहे का?

मामा: कमी कोण म्हणतंय? पण त्याला मोल कुठे आहे? दहावीच्या पेपरात काकडांना मार्क नाहीत. तहसील कचेरीत अर्ज घेऊन उभा राहिलो तर मला किती झाडं ओळखता येतात हे कुणी विचारत नाही. तुमच्याकडच्या मुलाला शाळा सुटल्यावर शिकवणी असते, घरात पुस्तकं असतात, अडलं तर आईबाप सांगतात. माझ्या पोरीला जे काय मिळायचं ते त्या शाळेतच. तिच्या वाट्याचा एक तास काढून घेणं सोपं नाही. आणि रान काय, घरामागेच तर आहे.

भाची: घरामागे आहे म्हणून तिला कळतं का? परवा तिला ऐन कुठला आणि किंजळ कुठला विचारलं, तर ती माझ्याच तोंडाकडे बघायला लागली. सकाळी शाळा, दुपारी अभ्यास, संध्याकाळी मोबाईल. तिचा दिवस माझ्या शेजारच्या मुलांसारखाच जातो. रानाला लागून राहणं वेगळं आणि रान कळणं वेगळं. सलीम अलींचा जन्म १८९६ मध्ये मुंबईत झाला, खेतवाडीत ते वाढले. मारुती चितमपल्ली सोलापूरचे. ही शहरातलीच माणसं. त्यांनी लक्ष देऊन पाहिलं, म्हणून त्यांना कळलं.

मामा: आणि चितमपल्लींना दाखवलं कुणी?

भाची: रानात राहणाऱ्यांनीच. ते वनखात्यात नोकरीला होते, पण पाखरांची आणि झाडांची कितीतरी नावं त्यांनी आदिवासींकडून ऐकून टिपली. त्यांच्या पक्षिकोशात ती आहेत.

मामा: त्यांना मी बोल लावत नाही. त्यांनी लिहिलं नसतं तर तेवढंही राहिलं नसतं. पण ज्यांनी सांगितलं त्यांच्या पोरांना त्यातून काय मिळालं? तुम्ही पाहिलंत की अभ्यास होतो. आमच्याकडे तेच काम जन्मभर केलं तरी आम्ही अडाणीच.

भाची: हे मला खोडून काढता येत नाही.

मामा: आणि गावच्या शहाणपणाचे फार गोडवेही गाऊ नकोस. मी त्यातच वाढलोय. विंचू कुठला ते आमच्या म्हाताऱ्यांना लांबून कळायचं, पण माणूस वाचवता येत नव्हता. विंचू चावला की भगताकडे, साप चावला की भगताकडे. दवाखान्यात जाईपर्यंत उशीर. ओळख होती म्हणून जीव वाचला असं नाही.

भाची: विंचवाचं उदाहरण तू काढलंस ते बरं झालं. कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशानं धडधाकट माणसं जायची, लहान मुलं तर जास्तच. हिंमतराव बावसकर महाडच्या बाजूला डॉक्टर होते. १९८० च्या दशकात त्यांनी प्राझोसिन हे रक्तदाबावरचं औषध या रोग्यांना देऊन पाहिलं आणि मरणाऱ्यांचं प्रमाण कुठल्या कुठे खाली आलं. लॅन्सेटसारख्या नियतकालिकानं त्यांचं काम छापलं.

मामा: मी तरी दुसरं काय म्हणतोय? शिकलेल्या माणसानं वाचवलं. मग पोरीला शिकू दे.

भाची: पण कसं वाचवलं तेही पाहा. ते स्वतः जालना जिल्ह्यातल्या खेड्यातले. शिकून आले आणि खेड्यातल्याच रोग्याच्या खाटेशी बसून राहिले. घाम कधी फुटतो, हातपाय कधी गार पडतात, नाडी कशी चालते हे टिपत गेले. औषध आधीपासून दुकानात होतं. बसून पाहणारा माणूस नव्हता, तोवर त्याचा विंचवासाठी काही उपयोग नव्हता. मला तुझ्या पोरीसाठी हेच हवंय. इंग्रजी तिला यावंच. त्याच्या जोडीला समोरचं नीट पाहायची सवय हवी, आणि ती लावायला या गावात रानाइतकी चांगली जागा नाही.

मामा: हे पटतं. तरी एक सांग. ही सवय आमच्याच पोरांना का? तानसा धरण बांधलं १८९२ साली. नंतर मोडकसागर, भातसा. मुंबई पाणी पिते ते या शहापूर तालुक्यातलं, आणि उन्हाळ्यात इथल्याच पाड्यांवर टँकरची वाट बघत बाया हंडे घेऊन बसतात. आमच्या पोरांना झाडं ओळखता आली नाहीत तर तुम्हाला हळहळ वाटते. तुमच्या पोरांना आपल्या नळाचं पाणी कुठून येतं हे सांगता येत नाही, त्याची हळहळ कुणाला?

भाची: माझ्या वर्गातल्या मुलांना मी तलावांची नावं विचारते. विहार, तुळशी येतात, कारण ते तलाव राष्ट्रीय उद्यानात आहेत, सहलीला पाहिलेले असतात. भातशाचं नाव ऐकलेलं असतं, पण तो कुठे आहे हे थोड्यांनाच ठाऊक असतं. आणि पुढे अधिकारी, अभियंते, नगररचनाकार याच मुलांतून होणार.

मामा: खरी अडचण तिथे आहे. रान ओळखणारा इथे बसलाय. त्या रानाचं काय करायचं ते ठरवणारा तिकडे, आणि त्याला रान माहीत नाही. रस्ता कुठून न्यायचा, धरण कुठे घालायचं, झाडं किती तोडायची, यातलं मला काही विचारलं जात नाही. मग ओळखीचा मला उपयोग काय? ज्या गोष्टीवर आपला हक्क चालत नाही तिची माहिती पोरांनी पाठ करायची, म्हणजे दुसऱ्याच्या कोठाराची राखण.

भाची: तुझं सगळं बोलणं याच्याभोवती फिरतंय, हे माझ्या आत्ता लक्षात येतंय. मी इतका वेळ शहराला कमी कळतं आणि गावाला जास्त कळतं, एवढाच फरक मोजत होते. ओळख एकीकडे आणि अधिकार दुसरीकडे, हे अंतर त्याहून मोठं आहे. पण मग गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाकडे बघ. वनहक्काचा कायदा २००६ चा. २००९ साली त्या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. बांबू किती तोडायचा, किती राखायचा हे ग्रामसभा ठरवते. हक्क आल्यावर रानाची ओळख कामाला लागली. जंगल मोजावं लागलं, नोंदी ठेवाव्या लागल्या, हिशेब लिहावा लागला. आणि त्या गावात अभ्यासगट आधीपासून होता. गावचे लोक आणि बाहेरून आलेले एकत्र बसून कायदा वाचायचे, प्रश्न काढायचे. अभ्यास नसता तर हक्क मागायचा कसा हेही कळलं नसतं.

मामा: म्हणजे तुझं म्हणणं, हक्क येईपर्यंत तास थांबवू नये.

भाची: तास थांबला तर हक्क येईल तेव्हा रान ओळखणारं कुणी उरलेलं नसेल.

मामा: बरं. मग उद्या मी हो म्हणतो, पण माझ्या अटींवर. पहिली, इंग्रजीचा तास कापायचा नाही. शनिवारी दप्तर नसतं, तो वेळ घ्या. दुसरी, शिकवायला बाहेरून कुणी आणायचं नाही. गावातल्या म्हाताऱ्या बायका शिकवतील आणि त्यांना तासाचं मानधन मिळेल. पैसे मिळतात तेच पोरांना शहाणपण वाटतं, हे कडू असलं तरी खरं आहे. तिसरी, मुलांनी सगळं वहीत लिहायचं: आपलं नाव, शास्त्रातलं नाव, कधी उगवतं, कसं शिजवतात. वही ग्रामसभेकडे राहील. जैवविविधतेच्या २००२ च्या कायद्यात अशा नोंदवहीची सोय आहे असं तूच मागे सांगितलं होतंस. आणि चौथी, शेवळं कुठे उगवतात ती जागा बाहेर सांगायची नाही.

भाची: पहिल्या तीन मान्य. चौथीला माझा विरोध आहे. ज्ञान झाकून ठेवलं की ते मरतं. तुमच्या पिढीनं मुलांना सांगितलं नाही म्हणून तर आज ही वेळ आली.

मामा: तुला बाजार दिसत नाही. ऑगस्टमध्ये आदिवासी दिनाच्या सुमाराला सगळीकडे रानभाजी महोत्सव भरतात. बायांना चार पैसे मिळतात, त्याचा मला आनंद आहे. पण शेवळ म्हणजे त्या झाडाचा फुलोरा. तो उमलायच्या आत खुडतात. जमिनीत कंद राहतो म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा येतं, पण एका जागेचे सगळे कोंब दरसाल नेले तर बी धरायचं कधी? आई सांगायची, एका ठिकाणचं सगळं खुडू नये. हे पाळणारा माणूस तिथे परत येणारा असतो. जो एकदाच येतो त्याला ते कशाला सुचेल?

भाची: म्हणजे जागा सांगायची ती परत येणाऱ्यालाच.

मामा: होय. तुझ्या विद्यार्थ्यांना आण ना. पण एका दिवसाच्या सहलीला नको. जून ते दिवाळी येऊन-जाऊन राहतील, शेवळं खुडतील तसं भातही लावतील, आणि परत जाऊन भातशाच्या पाण्याबद्दल तिकडच्या लोकांशी बोलतील. त्यांना मी जागा दाखवीन.

भाची: हे मला जमवावं लागेल आणि ते सोपं नाही. पालक विचारतील, भात लावून मुलांना काय मिळणार?

मामा: आमचे पालक हेच विचारतायत. आता तुलाही तिकडे तेच उत्तर द्यावं लागेल. माझी पोर पुढे इथे राहील की शहरात जाईल ते तिचं ती ठरवील. रान टिकवायचं म्हणून तिनं गरिबीत राहावं असं मी कुणाला म्हणू देणार नाही. पण गेली तर काय सोडून चाललो ते तिला कळलेलं असावं आणि राहिली तर त्या रानाबद्दल तिचा शब्द चालावा. उद्याच्या ठरावात हे दोन्ही लिहून घेईन. शनिवारच्या तासाबरोबर गावाच्या सामूहिक वनहक्काच्या दाव्याचं कामही सुरू करायचं, असा तो ठराव असेल. एक करून दुसरं सोडायचं असेल तर माझं मत नाही असंच धर.