मशीन दिले, काम कोण देणार?

नेत्याचा वाढदिवस असो किंवा कंपनीचा सीएसआर निधी, गरीब बाईला उभे करायचे म्हटले की आपल्याकडे शिलाई मशीन वाटतात. फोटो निघतो, टाळ्या पडतात. पण एकाच गल्लीत चार मशीन आली आणि गिऱ्हाईक तेवढेच राहिले, तर ब्लाउजची शिलाई वाढत नाही, उतरते. शिंप्याची ओढगस्त यंत्राअभावी नाही, हे आधी मान्य केले पाहिजे.

त्याचे वर्ष कसे जाते ते पाहा. जूनमधले गणवेश, दिवाळी आणि लग्नसराईत रात्री जागूनही काम उरकत नाही. पितृपक्षात फॉल-पिको आणि अल्टरवर घर चालवावे लागते. शर्ट-पँट तर रेडिमेडने केव्हाच नेली. कारखान्याचे काम घरी आणले की पैसे पीसवर. वीज, दोरा, मशीनची दुरुस्ती आणि नापास झालेला माल मात्र शिवणाऱ्याच्या माथी.

17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेतल्या 18 व्यवसायांत शिंपीकाम आहे. अवजारांसाठी 15,000 रुपये आणि पहिल्या टप्प्यात 5 टक्के व्याजाने एक लाखापर्यंत कर्ज मिळते. ही मदत मोलाची आहे. पण हप्ता फेडायला ऑर्डर लागते, आणि सामाजिक उद्योजकाचे खरे काम तिथूनच सुरू होते.

याचा धडा अहमदाबादेत मिळतो. इला भट यांनी 1972 मध्ये उभारलेल्या ‘सेवा’ या कष्टकरी महिलांच्या संघटनेत गिरण्यांच्या चिंध्या जोडून खोळी शिवणाऱ्या बायका आल्या. त्यांनी दर वाढवून मागितला, तेव्हा व्यापाऱ्यांनी काम देणेच थांबवले. मग त्यांची स्वतःची सहकारी संस्था उभी राहिली. दरासाठी भांडायला संघटना आणि भांडणाच्या काळात चूल पेटती ठेवायला स्वतःचा धंदा, अशी ही जोडी होती. यातले एकच असते, तर त्या बायका हरल्या असत्या.

आपल्याकडची ताजी उलट बाजूही पाहू. 2024-25 मध्ये सरकारी शाळांच्या गणवेशांची शिलाई महिला बचत गटांकडे आली. हेतू उत्तम होता, पण कापडाची खरेदी राज्य पातळीवर झाली आणि वेळापत्रक गटांच्या हाती नव्हते. शाळा सुरू होऊन महिने उलटले तरी कितीतरी मुले गणवेशाविना राहिली. डिसेंबर 2024 मध्ये ही जबाबदारी पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे गेली. बायकांच्या वाट्याला शिलाई आली, निर्णय आला नाही.

म्हणून तालुक्याच्या ठिकाणी शिंप्यांची स्वतःची संस्था हवी. कापड घाऊक भावात घेणारी, कटिंग मास्टर आणि ओव्हरलॉक, काजबटणाची मशीन सामाईक ठेवणारी, शाळा-दवाखान्यांच्या ऑर्डरी वर्षभर विभागून घेणारी. दर ठरवताना शिवणाऱ्यांचे मत आणि नफ्यात त्यांचा वाटा असला पाहिजे. हे नसेल, तर नव्या नावाचा दलालच जन्माला येईल.

वाचकांच्या हातीही काही आहे. शाळेच्या समितीत, हाउसिंग सोसायटीत, कार्यालयात जिथे गणवेशाचा निर्णय होतो, तिथे गावातल्या शिंप्यांचे नाव पुढे करा. ऑर्डर उन्हाळ्याआधी द्या, निम्मे पैसे आगाऊ द्या आणि शिलाईत घासाघीस करू नका.