दोन चित्रांच्या मधला हात

दिवाळीतला किल्ला कोण करतो, असे कुणी विचारले तर आपण सगळे चटकन सांगू, ‘मुले करतात.’ पण ज्या आळीत किल्ल्यांची स्पर्धा असते तिथे रात्री दहानंतर एकदा चक्कर मारून पाहावी. मुले केव्हाच झोपलेली असतात आणि त्यांचे वडील लुंगी खोचून, बॅटरीच्या उजेडात बुरुजाचा कोन नीट करीत बसलेले असतात. सकाळी मुलगा उठतो तो आपल्या ओबडधोबड ढिगाऱ्याच्या जागी रेखीव रायगड उभा. क्षणभर तो बावरतो, मग हरखतो, आणि दिवसभर येणाऱ्याजाणाऱ्याला ‘मी केलाय’ म्हणून सांगत सुटतो. आपण खोटे बोलतो आहोत असे त्याला वाटत नाही. वडिलांनाही वाटत नाही. उलट, आपण पडद्याआड राहिलो याचे एक सात्त्विक समाधान त्यांच्या चेहऱ्यावर असते.

या गृहस्थांना मी पुष्कळ वर्षे हसत आलो. अलीकडे हसत नाही. त्याचे कारण सांगायचे तर आमच्या शाळेत झालेल्या एका सव्वा मिनिटाच्या चित्रपटाची हकीकत सांगावी लागेल.

सुरुवात किल्ल्यातूनच झाली. दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली तेव्हा आठवीतल्या एका मुलाच्या दप्तरात मातीचे चार मावळे निघाले. ‘हे चालवता येतील का, सर?’ असे त्याने विचारले आणि मी, काही माहीत नसताना, ‘येतील की’ म्हणून बसलो. मास्तराच्या तोंडून ‘येतील की’ इतक्या सहजपणे निघते की पुढच्या कित्येक संकटांचे मूळ त्या दोन शब्दांत सापडावे.

युक्ती तशी जुनी आणि सोपी आहे. बाहुली ठेवायची, तिचा फोटो काढायचा. केसभर हलवायची, पुन्हा फोटो काढायचा. असे बारा फोटो एका सेकंदात डोळ्यांपुढून सरकले की बाहुली आपणहून चालली असे वाटते. स्टॉप मोशन म्हणतात ते हेच. हिशेब केला तेव्हा सव्वा मिनिटाला नऊशे फोटो निघाले. सात मुले, एक मोबाईल, प्रयोगशाळेतले एक डुगडुगणारे टेबल आणि नऊशे फोटो! मोबाईल हलू नये म्हणून तो दोन विटांच्या मधे रबराने बांधला. ढग आला की चित्रावर अंधारी येई. म्हणून खिडक्या लावून दिवा लावला, तर वीज जाऊ लागली. शाडूची बाहुली दोन दिवसांत तडकायची, तिला ओले फडके गुंडाळून ठेवावे लागे. बाळंतिणीचीसुद्धा इतकी काळजी कुणी घेत नसेल.

गोष्ट हिरकणीची घ्यायची असे मुलांनीच ठरवले. कोजागिरीच्या दिवशी दूध घालायला रायगडावर गेलेली गवळण, सूर्यास्ताला बंद झालेले दरवाजे, पायथ्याच्या घरात तान्हे मूल, आणि रात्री ती उतरली तो उभा कडा. आख्यायिका असली तरी त्या कड्यावरचा हिरकणी बुरूज आज कुणालाही पाहता येतो. कडा उतरण्याचे काम एका मुलीकडे आले. ही मुलगी वर्गात क्वचितच बोले. लिहायलाही संथ, परीक्षेत तिचा पेपर नेहमी अर्धाच राहायचा. बाहुली मात्र तिने फार जिवापाड केली होती. दोन दुपारी बसून तिने शहाण्णव फोटो काढले. म्हणजे पडद्यावरची आठ सेकंदे.

ते मी संध्याकाळी घरी चालवून पाहिले आणि कपाळाला हात लावला. हिरकणी उतरायला लागते, मधेच थबकते, दोन पावले उलटी वर जाते, खाली बसते, आणि मग धक्के खात उतरते. फोटोंचा क्रम चुकला असेल असे मला वाटले. क्रम बरोबर होता. तालुक्याच्या स्पर्धेला तीन दिवस राहिले होते. मी जेवण उरकले, शाळेची किल्ली घेतली, आणि रात्री एकट्याने बसून ती आठ सेकंदे नव्याने काढली. पावलांना समान अंतर, उतरण्याला एक लय. तडकलेला पदर बोट ओले करून गुळगुळीत केला. मोबाईलमध्ये जागा उरली नव्हती, म्हणून जुने शहाण्णव फोटो पुसून टाकले. घरी परतताना मी अगदी खुशीत होतो. आपण मुलांसाठी रात्र जागवली, आणि कुणाला कळणारही नाही! त्या वडिलांच्या चेहऱ्यावरचे सात्त्विक समाधान त्या रात्री माझ्या चेहऱ्यावर असणार; आरसा नव्हता एवढेच.

चित्रपटाला बक्षीस मिळाले. ‘कडा उतरण्याचा प्रसंग विशेष सफाईदार’ असे परीक्षकांनी म्हटले. प्रशस्तिपत्रावर सात मुलांची नावे आली, माझे नव्हते. आणि त्याबद्दल मुख्याध्यापकांनी माझ्या निरिच्छपणाचा चार लोकांत गौरव केला.

टाळ्या संपल्यावर ती मुलगी माझ्याकडे आली. रागाने नव्हे; काहीतरी हरवले आहे आणि सरांना ठाऊक असेल, अशा चेहऱ्याने.

‘सर, पदरावर माझं बोट उमटलं होतं, ते नाही.’

मी म्हणालो, ‘अगं, थोडं नीट केलं मी. मागे-पुढे होत होतं ना.’

‘मागे-पुढे नव्हतं होत. खाली बघून ती घाबरली होती.’ आणि थोडे थांबून, ‘तुमची हिरकणी घाबरतच नाही, सर.’

मी काय उत्तर दिले ते लिहायची लाज वाटते. ‘सिनेमात वेळ थोडा असतो,’ असे काहीतरी बोललो. ती ‘हो सर’ म्हणाली आणि गेली. मुलांचे ‘हो सर’ हे फार भयंकर असते. त्यात संमती नसते. बोलणे संपल्याची खूण असते.

तेव्हापासून एक प्रश्न मला छळतो आहे. मदत कुठे संपते आणि चोरी कुठे सुरू होते?

हा सगळा खेळच मुळी लपलेल्या हाताचा आहे. नऊशे फोटोंपैकी एकही फोटो खोटा नसतो. बाहुली त्या त्या क्षणी खरोखरच तिथे उभी असते. जे काही घडते ते दोन फोटोंच्या मधे. तिथे हात येतो, हलवतो, निघून जातो. तो प्रेक्षकाला दिसू द्यायचा नाही, असा या कलेचा करार आहे. पण तो पुरता लपत नाही. १९३३ सालच्या ‘किंग काँग’मध्ये त्या अजस्र वानराची केसाळ कातडी अधूनमधून उगाच थरथरते. ती बाहुली हलवणाऱ्या बोटांची खूण! प्रेक्षकही ती फसवणूक मानीत नाही, कारण मागे कुणीतरी आहे हे त्याला ठाऊक असते. पिंगुळीच्या ठाकरांच्या कळसूत्री बाहुल्या पाहताना दोऱ्या दिसतात म्हणून कुणाचा रसभंग होत नाही. तेव्हा लपणे हा काही गुन्हा नव्हे. मग माझा गुन्हा कुठला?

एक मित्र म्हणाला, ‘गुन्हा कसला? लहानपणी पंतोजी हात धरून पाटीवर श्री गिरवून घेत नसत? तो श्री कुणाचा?’ हा युक्तिवाद मला काही दिवस फार सोयीचा वाटला. पण गिरवताना मुलाचा हात मास्तरांच्या हाताखाली असतो. पेन्सिल कुणीकडे वळते ते त्याच्या बोटांना कळते, नको तिथे ती बोटे विरोधही करतात; चौथ्या दिवशी मास्तर हात काढून घेतात आणि श्री वाकडा येतो. त्या रात्री माझ्या हाताखाली कुणाचाच हात नव्हता. ती मुलगी घरी झोपली होती.

आपल्या दादासाहेब फाळक्यांच्या दोन लहानशा चित्रपटांचा या संदर्भात मी पुष्कळ विचार केला आहे. १९१२ साली लंडनहून कॅमेरा आणल्यावर, ‘राजा हरिश्चंद्रा’च्या आधी, त्यांनी कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला आणि दिवसांमागून दिवस त्याची चित्रे घेतली. ‘अंकुराची वाढ’ या नावाने पडद्यावर ते रोप बघता बघता उगवले, आणि त्या बळावर त्यांना भांडवल मिळाले. पुढे १९१५ साली त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ केली. तिच्यात आगपेटीतल्या काड्या हालचाल करू लागल्या. तंत्र पाहू जाता दोहोंत फारसा फरक नाही. एक चित्र घ्यायचे, थांबायचे, दुसरे घ्यायचे. फरक आहे तो मधल्या वेळात काय होते याचा. काडी आपणहून कधीच हलायची नाही. तिला प्रत्येक वेळी बोटाने सरकवावे लागते. वाटाण्याच्या बाबतीत मात्र माणूस हाताची घडी घालून बसतो. मधल्या वेळात जे करायचे ते दाणा करतो, आणि तो सरळ वाढेल की वाकडा, हे फाळक्यांच्यादेखील हातात नव्हते.

वाटाण्याला पाणी घातले असेल, कुंडी उजेडात ठेवली असेल, हे मला मान्य आहे. निव्वळ हाताची घडी घालून मास्तरकी होत नाही. तसे म्हणणारे शिक्षणतज्ज्ञ पन्नास मुलांच्या वर्गात एक तास काढून आले की मग त्यांच्याशी बोलू. पण मी त्या रात्री पाणी घालीत नव्हतो. मी मुलीला आगकाडी समजलो होतो.

जिवंत गोष्ट हुकमात राहत नाही, ही खरी अडचण आहे. स्टारेविच नावाच्या माणसाला १९१० साली, तेव्हा रशियन साम्राज्यात असलेल्या कोव्हनो शहरात, दोन भुंगेऱ्यांची झुंज चित्रित करायची होती. दिव्यांच्या प्रखर उजेडात भुंगेरे लढेचनात. मग त्याने मेलेले भुंगेरे घेतले, त्यांचे पाय तारेने आणि मेणाने जोडले आणि एकेक चित्र घेत त्यांना लढवले. लोकांना वाटले, याने किडे शिकवून तयार केले! १९१२ सालचा त्याचा ‘कॅमेरामनचा सूड’ हा किड्यांचा चित्रपट आजही लोक कौतुकाने पाहतात. मीही पाहिला आणि हसलो. पण मधेच हसू थांबले. जिवंत होते तोवर ते ऐकत नव्हते. मेल्यावर किती शहाण्यासारखे वागायला लागले! आमच्या वार्षिक तपासणीच्या दिवशी वर्ग जसा वागतो तसे.

मुलगी काहीच बोलली नसती तर? बक्षिसाने आनंदली असती, किल्ल्यावाल्या मुलासारखी ‘मी केलाय’ म्हणाली असती, तर माझे काही चुकले असते का? मला वाटते, चुकले असते, आणि अधिक चुकले असते. त्या मुलाचे काय गेले ते त्याला कधी कळतच नाही. त्याचा वाकडा बुरूज गेला. पण त्याबरोबर, त्या वाकड्या बुरुजाकडे आठ दिवस पाहून ‘पुढच्या वर्षी असा करीन’ असे स्वतःशी म्हणायची संधीही गेली. माझ्या विद्यार्थिनीला निदान आपले काय गेले ते माहीत होते.

तिने ती दोन पावले खरोखर ठरवून मागे घेतली होती का, हेही मी पुष्कळदा स्वतःला विचारले आहे. कदाचित हात चुकला असेल आणि अर्थ मागाहून सुचला असेल. पण हे म्हणण्याचा अधिकार निदान मला नाही. कादंबरीत मी जे उत्तम म्हणून ठेवले आहे त्यातले निम्मे असेच हात चुकून आलेले आहे. आणि एका संपादकाने माझ्या एका प्रकरणातला अडखळता परिच्छेद मला न विचारता सुरळीत करून छापला तेव्हा मी दोन दिवस नीट जेवलो नव्हतो. सुधारणा खरोखरच चांगली होती, हे त्यातले खरे दुःख. हे सगळे आठवत असूनही शाळेची किल्ली घेताना मला त्यातले काहीच आठवले नाही.

प्रशस्तिपत्र अजून मुख्याध्यापकांच्या खोलीत टांगलेले आहे. माझे नाव त्यावर नाही याला मी नम्रता म्हणू शकत नाही. चोर तरी आपली सही कुठे करतो? मुख्याध्यापकांना मी एकदा सारे सांगितले. ते म्हणाले, ‘फार मनाला लावून घेता बुवा तुम्ही,’ आणि चहा मागवला.

मुलीला सांगायला मला वर्ष लागले. ती नववीतून दहावीत जायच्या बेतात होती. व्हऱ्हांड्यात गाठून मी म्हणालो, ‘तुझी हिरकणी बरोबर होती. मी ती पुसायला नको होती.’ तिने मान खाली घातली. मास्तराने आपल्यापुढे चूक कबूल करावी याचाच तिला संकोच झाला असावा. मग मला सुचेल ते मी बोललो: बाहुली अजून कपाटात आहे, टेबल आहे, मोबाईलमध्ये आता पुष्कळ जागा आहे, सुट्टीत ये, ती आठ सेकंदे पुन्हा काढ, मी खोलीत येणारसुद्धा नाही.

तिने थोडा विचार केला. मग माझे सांत्वन करावे तशा आवाजात म्हणाली, ‘ती माती आता वाळली, सर. हलवली तर मोडेल.’