फिर्याद आणि आशा

संकटातही आनंदित असावे, हा ख्रिस्ती उपदेश आज इतक्या सहजपणे उच्चारला जातो, की तो मुळात किती दुर्घट होता याचे विस्मरण व्हावे. ज्या इब्री परंपरेतून हा विचार उगम पावला तिच्या आरंभी फिर्याद आहे. जुन्या करारातील १५० स्तोत्रांत विलापाची स्तोत्रे विपुल आहेत. देवाने आपले मुख का लपविले, आपली दाद केव्हा लागणार, असे त्या भक्तांनी प्रत्यक्ष देवालाच विचारले आहे. ८८ वे स्तोत्र तर अंधारातच संपते. त्याच्या अखेरीस दिलाशाचा एक शब्दही नाही. असे असूनही ते कोणी गाळले नाही, ही गोष्ट मला अत्यंत महत्त्वाची वाटते.

हबक्कूक संदेष्ट्याने पुढचे पाऊल टाकले. खास्द्यांची, म्हणजे बाबिलोनच्या सैन्याची, स्वारी येऊ घातली असता त्यानेही आधी तक्रारच मांडली. परंतु ग्रंथाच्या शेवटी, अंजीर फुलले नाही, जैतुनाचे पीक बुडाले आणि गोठे रिकामे पडले तरी आपण देवाच्या ठायी हर्ष मानू, असा निश्चय तो प्रकट करतो. हा आनंद परिस्थितीला न जुमानणारा आहे. परिस्थितीतून निपजलेला मात्र नाही. क्लेशातूनच आनंद निपजतो असे म्हणण्याचे धाडस प्रेषित पौलाचे. फिलिप्पै येथील मंडळीला आनंदाचे पत्र त्याने कैदेतून लिहिले, आणि रोमकरांस लिहिताना क्लेशापासून धीर, धीरापासून शील व शीलापासून आशा अशी परंपराच जोडून दाखविली. वधस्तंभावर मारला गेलेला येशू पुन्हा उठला, या श्रद्धेवाचून ही साखळी पहिल्याच कडीपाशी तुटली असती. कारण नुसते दुःख माणसाला जितक्या वेळा घडविते तितक्याच वेळा मोडूनही टाकते.

इ. स. २०३ मध्ये कार्थेज येथे देहान्त शासन झालेल्या पर्पेतुआ नामक तरुण मातेने तुरुंगात लिहून ठेवलेली कैफियत या संदर्भात अवश्य वाचावी. कोठडीतील काळोखाची भीती आणि तान्ह्या मुलाची काळजी तिने लपविलेली नाही. मूल जवळ ठेवण्याची परवानगी मिळताच तीच कोठडी आपणांस राजवाड्यासारखी वाटू लागली, असे ती सांगते. तिच्या आनंदाला वात्सल्याचा आधार होता, आणि म्हणूनच तो विश्वसनीय आहे.

पुढे चर्चला राजाश्रय लाभला आणि या विचाराला एक मोठा धोका उत्पन्न झाला: सहन करण्याचा उपदेश ज्यांना सहन करावे लागत नाही त्यांच्या मुखी आला. अमेरिकेतील मळ्यांवरच्या गुलामांना मालकांचे धर्मोपदेशक आज्ञाधारकपणा शिकवीत, मरणोत्तर सुखाचे आश्वासन देत. त्याच गुलामांनी मात्र मिसरातून इस्राएलाला सोडविणारा मोशे आपल्या गीतांत आणला. उपदेशकांहून शास्त्राचा अर्थ त्यांनाच अधिक कळला होता, असे मी निःशंकपणे म्हणेन.

१९४३ मध्ये हांबुर्गवरील बॉम्बवर्षावात शेजारी उभा असलेला मित्र ठार झाला आणि आपण का वाचलो, हा प्रश्न उरी बाळगून युर्गेन मोल्टमान हा जर्मन तरुण युद्धकैदी झाला. छावणीत हाती आलेल्या बायबलात त्याला आधार वाटला तो विलापस्तोत्रांचा आणि वधस्तंभावरील येशूच्या आक्रोशाचा. १९६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘आशेचे ईश्वरशास्त्र’ या त्याच्या ग्रंथाचे सार असे की, पुनरुत्थानावरील आशा मनुष्याला वर्तमानाशी तडजोड करू देत नाही. शतकानुशतके सांत्वनापुरता वापरला गेलेला विचार येथे पुन्हा फिर्यादीला जोडला गेला.

महाराष्ट्रात ही गोष्ट त्याहून कितीतरी आधी कृतीत उतरली होती. पंडिता रमाबाईंनी १८७० नंतरच्या दुष्काळात आईवडील गमावले, मग भाऊ, आणि १८८२ मध्ये पती. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातील उपाशी मुलींना पाहताच स्वतःची जुनी भूक त्यांना आठवली नसेल, हे संभवत नाही. त्या शेकडो मुलींना त्यांनी केडगावी आणले आणि अन्नाबरोबर अक्षरे, शेती, विणकाम व छपाई यांचे शिक्षण दिले. दुःख ईश्वरी इच्छा म्हणून मुकाट्याने सोसावे, असे या बाईंनी मानले असते तर केडगावचे मुक्तिसदन उभेच राहिले नसते.