ओहोटीची ओंजळ



जर्मनीत उत्तर समुद्राच्या काठी कुक्सहाफेन नावाचं गाव आहे. तिथे ओहोटीला समुद्र दूर, पार नजरेआड जातो. मागे उरतो ओला, मऊ चिखल.

हॅम्बुर्गमधल्या एखाद्या मराठी घरात सुट्टीआधी हिशेब मांडला जातो. मुलं लहान आहेत. वारा बोचरा. पाणी गार. एवढं करून तिथे जावं का?

आणि गेल्यावर समुद्रच जागेवर नसतो! आईबाबा हिरमुसतात. मुलं मात्र अनवाणी चिखलात उतरतात. एखादा शिंपला, इवलासा खेकडा, डबक्यातलं चमकतं पाणी. दूर गेलेल्या समुद्राची ती खंत करत नाहीत. समोर आहे, ते ओंजळीत घेतात.

मित्रांनो, हिशेब जरूर करावा. मुलांना जपावं. भरतीची वेळ पाळावी, कारण तिथे पाणी भराभर परततं. पण एकदा चिखलात पाऊल टाकलं, की हिशेब मागे ठेवावा. समोर आहे, ते ओंजळीत घ्यावं.

काय मिळालं नाही, हे मोजण्यात किती दिवस ओसरून जातात! भरती तिच्या वेळेला येईल. आजची सकाळ मात्र आलीच आहे. समोर आहे, ती ओंजळीत घ्या.