न भेटलेल्या माणसाविषयी

मार्च २००४ मध्ये मी एका म्हातारीचं मत माझ्या हाताने लिहून टाकलं. 'मत' म्हणजे इथे व्होट नव्हे, राय. मराठीत दोन्हींना एकच शब्द आहे. इंदूरच्या आमच्या घरात उंबऱ्याबाहेर हिंदी आणि आत मराठी, त्यामुळे हा घोटाळा मला लहानपणापासून ठाऊक आहे. हिंदीत राय मागतात आणि वोट मागतात. आम्ही दोन्ही वेळा मतच देतो, आणि नेमकं काय देऊन बसलो ते पुष्कळदा आमचं आम्हालाच कळत नाही.

मी तेव्हा एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. एका संस्थेला लोकसभेआधीच्या पाहणीसाठी मुलं-मुली हवी होती. फॉर्ममागे ठरावीक पैसे, बसभाडं वेगळं. देवासच्या पलीकडची तीन गावं माझ्या वाट्याला आली. मतदारयादीतून नावं आधीच काढलेली असत. त्याच माणसाला गाठायचं, शेजारी चालत नाही, बायकोच्या वतीने नवरा बोललेला चालत नाही. प्रश्न वाचताना आवाजात चढउतार नको, उत्तर ऐकताना मान डोलवायला नको. हे सगळं एक दिवसभर बसवून शिकवलं होतं, आणि चांगलं शिकवलं होतं. पुढे जे झालं त्यात शिकवणाऱ्यांचा दोष नाही.

म्हातारी अंगणात लसणाच्या जुड्या बांधत बसली होती. वीज किती तास येते, रस्ता कधी झाला, हातपंपाला पाणी आहे का, या प्रश्नांना तिने झटपट आणि नेमकी उत्तरं दिली. विजेचं उत्तर तर तासांत नाही, पिकाला किती पाणी बसलं या मापात दिलं. मग नेत्यांचे प्रश्न आले. पंतप्रधान कोण व्हावं असं वाटतं? वाजपेयींविषयी तुमचं मत काय: फार चांगलं, चांगलं, साधारण, वाईट? सोनिया गांधींविषयी? म्हातारीने जुडी खाली ठेवली आणि माळवीत जे म्हणाली त्याचा अर्थ असा: ते माझ्या घरी आले नाहीत, मी त्यांच्या घरी गेले नाही. कुणाच्या पाठीमागे तो कसा आहे हे मी कशी सांगू?

मला हसू आलं. मी प्रश्न पुन्हा वाचला. ती म्हणाली, त्यांनी काय केलं ते विचार, मला जेवढं पोचलं तेवढं सांगते. ते कसे आहेत ते मला कसं कळणार?

फॉर्मवर 'सांगता येत नाही' असा रकाना होता. तिथे गोल करायला हवा होता. पण त्या दिवशी असे चार गोल आधीच झाले होते, आणि सुपरवायझरने सकाळीच सांगितलं होतं की हे गोल फार झाले तर तुम्ही नीट विचारत नाही असं धरलं जाईल. पाचची बस गाठायची होती. बसमध्ये मी फॉर्म मांडीवर घेतला आणि एकाविषयी 'चांगलं', दुसऱ्याविषयी 'साधारण' असं भरून टाकलं. तिचं गाव, तिची जात आणि ओसरीवर टांगलेलं कॅलेंडर यांवरून केलेला तो अंदाज होता.

१३ मे रोजी निकाल लागले तेव्हा देशभरातल्या बहुतेक पाहण्या तोंडघशी पडल्या. काँग्रेस १४५, भाजप १३८. मध्य प्रदेशात मात्र २९ पैकी २५ जागा भाजपला मिळाल्या, म्हणजे माझा खोटा फॉर्म खऱ्या बेरजेशी जुळला. आठवड्याभराने, २२ मे रोजी, डॉ. मनमोहन सिंगांनी शपथ घेतली. पंतप्रधान कोण व्हावं या आमच्या प्रश्नाखाली छापलेल्या नावांत त्यांचं नाव नव्हतं. नेता म्हणून वाजपेयी पुष्कळांना आवडत होते, त्यांच्या पक्षाच्या मतदारांबाहेरही आवडत होते, आणि तरी त्यांचं सरकार गेलं. लोक खोटं बोलले असं कुणाकुणाचं म्हणणं होतं. मला तसं वाटत नाही. त्यांना माणूस कसा वाटतो हे विचारलं, ते त्यांनी सांगितलं. पुढे मतदानाला गेल्यावर त्यांनी वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर दिलं.

नागरिकशास्त्राच्या पुस्तकात याचं सोपं उत्तर असतं. संसदीय लोकशाहीत आपण नेता निवडत नाही, आपल्या मतदारसंघाचा प्रतिनिधी निवडतो, तेव्हा नेत्याविषयीच्या मताला मुळात जागाच नाही. मतपत्रिकेवर त्याचं नावही नसतं, तो आपल्याच मतदारसंघातून उभा असेल तर गोष्ट वेगळी. इंदूरकरांना हे पटायला हवं. सुमित्रा महाजन इथून १९८९ ते २०१४ या काळात सलग आठ वेळा निवडून आल्या. चिपळूणहून सून म्हणून आलेली ही बाई शहराला 'ताई' म्हणून ठाऊक होती. लग्नामुंजीत भेटायची, आणि तिच्याविषयी बरंवाईट बोलणाऱ्याला निदान काही पाहिलेलं असायचं. पण पुस्तकी उत्तर अपुरं आहे. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर खासदाराने पक्षादेश मोडून मत दिलं तर त्याची जागा जाऊ शकते. म्हणजे आपण ज्याला ओळखतो तो महत्त्वाच्या क्षणी हात वर करणार दुसऱ्याच कुणाच्या सांगण्यावरून, आणि त्या दुसऱ्याला आपण ओळखत नाही. मग मतदार त्या दुसऱ्याकडे पाहून शिक्का मारत असेल तर तो अडाणी कसा? तो सत्ता जिथे आहे तिथेच बघतोय. आता प्रश्न असा उरतो की तिथे त्याला दिसतं काय.

आमच्या घरात हा प्रश्न फार वर्षं जेवायला बसलेला होता. माझे बाबा आणि काका एकाच वाड्यात राहत, मध्ये एक चौक. बाबा गिरणीच्या कचेरीत कारकून, काका शाळामास्तर. जुलै १९७५ मध्ये काकांना मिसाखाली उचललं आणि ते जवळजवळ दीड वर्ष तुरुंगात होते. बाबांचं इंदिरा गांधींवर मनापासून प्रेम होतं. बांगलादेशच्या लढाईपासूनचं. त्यांनी त्यांना एकदा पाहिलं होतं, सभेत, इतक्या दुरून की पदराचा रंग कळला आणि चेहरा नाही. काकांनी तर कधीच पाहिलं नव्हतं. आणीबाणीत कचेऱ्या वेळेवर उघडत, संप नव्हते, हे बाबांना दिसत होतं. भावाला का नेलं असं आईने विचारलं तेव्हा ते म्हणाले, काहीतरी केल्याशिवाय कुणी उगाच आत घालत नाही. काकू चौकात उभी होती. तिने ऐकलं. १९७७ च्या मार्चमध्ये मध्य प्रदेशातल्या ४० जागांपैकी काँग्रेसला एकच उरली, छिंदवाड्याची, रायबरेलीत खुद्द इंदिराजी हरल्या, काका वाड्यात पेढे घेऊन आले आणि आमच्या दारावरून न थांबता पुढे गेले. तेव्हापासून दोन्ही भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. १९८० मध्ये इंदिराजी ३५३ जागा घेऊन परत आल्या तेव्हा बाबांनी पेढे आणले नाहीत, एवढंच.

माझा जन्म यानंतरचा. मी हे सगळं आईकडून ऐकलं, आणि मोठी झाल्यावर बराच काळ मला वाटे की दोघंही सारखेच मूर्ख. न पाहिलेल्या बाईसाठी सख्खे भाऊ तोंड फिरवतात! आपण नेत्याविषयी बोलतो तेव्हा खरं तर स्वतःविषयीच बोलत असतो, आपली भीती, आपली हौस, असं काहीतरी मी तेव्हा चारचौघांत म्हणतही असे. ते ऐकायला बरं वाटतं. पण ते काकांना लागू होत नाही. काकांना इंदिरा गांधी कशा आहेत ते ठाऊक नव्हतं, त्यांच्या सहीने काय झालं ते ठाऊक होतं. दीड वर्षाच्या रात्री मोजून ठाऊक होतं. म्हातारीच्या भाषेत, त्यांच्यापर्यंत जे पोचलं तेवढंच ते सांगत होते. बाबांचंही काही अगदी हवेतलं नव्हतं. वेळेवर उघडणारी कचेरी त्यांच्यापर्यंत पोचली होती. त्यांचं चुकलं ते दुसरीकडे. ज्या भावाबरोबर एका ताटात जेवले त्याच्याविषयी तीस वर्षांचं ज्ञान त्यांच्यापाशी होतं, रेडिओवर ऐकलेल्या आवाजाविषयी काहीच नव्हतं, आणि दोघांत ताळा जमेना तेव्हा त्यांनी आवाजावर विश्वास ठेवला. नेत्याविषयी चांगलं मत बाळगणं हा दोष नव्हे. त्या मताच्या आधाराने, ओळखीच्या माणसाविषयी नव्याने वाईट मत बनवणं हा दोष आहे. (भाऊ म्हणून तो निर्दोषच, असंही मी म्हणत नाही. पण चौकशी करायची तर भावाची करायला हवी होती. बाबांनी चौकशीच गरजेची मानली नाही.)

आमच्यापासून वीसेक किलोमीटरवर महू आहे, आंबेडकरांचं जन्मगाव. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत केलेल्या भाषणात त्यांनी विभूतिपूजेविरुद्ध बजावलं होतं: धर्मात भक्ती मोक्षाकडे नेत असेल, राजकारणात ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. हे वाक्य आता सगळेच वापरतात, बहुधा दुसऱ्याच्या भक्तांविषयी. मला त्याच्या जोडीला नेहमी एक दुसरा मजकूर आठवतो. नोव्हेंबर १९३७ मध्ये कलकत्त्याच्या 'मॉडर्न रिव्ह्यू'त 'चाणक्य' या नावाने जवाहरलाल नेहरूंवर एक लेख आला. लेखकाने विचारलं होतं की गर्दीतून जाताना हा माणूस जो हसतो, हात जोडतो, ते सहज आहे की कसबी पुढाऱ्याची युक्ती? याच्यात हुकूमशहा होण्याचे गुण आहेत, तेव्हा याला काँग्रेसचं अध्यक्षपद पुन्हा देऊ नका, असंही सांगितलं होतं. लेख नेहरूंनीच लिहिलेला होता. मला त्यातली गंमत ही वाटते की आतली बातमी फक्त त्यांच्याकडे असतानाही त्यांनी साक्ष काढली ती बाहेरची: तो गर्दीत कसा वागतो, सत्ता हाती आल्यावर काय करील. आपण मनाने चांगले आहोत की नाही, हा प्रश्न त्यांनी मतदाराच्या हातात दिला नाही. देऊन उपयोगही नव्हता. अंतःकरणाची खात्री त्या अंतःकरणाच्या मालकालाही देता येत नसेल, तर ती देवासपलीकडच्या अंगणात लसूण बांधणाऱ्या बाईकडून चार रकान्यांत मागणारे आपण कोण?

३१ ऑक्टोबर १९८४. इंदिराजींच्या हत्येची बातमी संध्याकाळपर्यंत नक्की झाली. मी तीन वर्षांची होते, मला आठवणं शक्य नाही, तरी आईने इतक्यांदा सांगितलंय की मला दिसतं. काका चौक ओलांडून आले. सात वर्षांनी. बाबा रेडिओपाशी बसले होते. काका समोरच्या खाटेवर बसले आणि म्हणाले, "दादा, फार वाईट झालं." बाबा काही बोलले नाहीत. आईने चहा ठेवला. दोघांनी घेतला. काका अर्धा तास बसले आणि उठून गेले. दुसऱ्या दिवसापासून दोघं बोलू लागले, पण तुरुंगाचा विषय बाबांनी कधी काढला नाही, आणि 'काहीतरी केल्याशिवाय' हे वाक्य परत घेतलं नाही. काका गेले तेव्हाही नाही. काकांनी इंदिरा गांधींविषयीचं आपलं मत बदललं होतं का? मुळीच नाही, शेवटपर्यंत नाही. तरी ते आले. केलेल्या कृत्याविषयीचं मत आणि माणसाविषयीचं मत त्यांनी दोन वेगळ्या खुंट्यांवर टांगलं होतं. बाबांकडे खुंटी एकच.

२०२४ मध्ये इंदुरात अजब झालं. काँग्रेसच्या उमेदवाराने अखेरच्या दिवशी अर्ज मागे घेतला आणि तो भाजपमध्ये गेला, काँग्रेसने 'नोटा' दाबण्याचं आवाहन केलं, आणि २ लाख १८ हजारांहून अधिक मतं 'वरीलपैकी कोणीही नाही'ला पडली. देशातला विक्रम. पुष्कळांनी मला म्हटलं, बघ, तुझी म्हातारी जिंकली. नाही जिंकली. 'कोणीही नाही' हे ठाम मत आहे. म्हातारी ठामपणे वेगळंच म्हणत होती.

त्याच वर्षी एप्रिलच्या सुरुवातीला आमच्या दाराशी एक मुलगा आला, हातात टॅब, कपाळावर घाम. माझं नाव त्याच्या यादीत होतं. रस्ते, महागाई, मुलांच्या नोकऱ्या, सगळं झालं. मग त्याने एका नेत्याचं नाव घेऊन विचारलं, यांच्याविषयी तुमचं मत?

"कशाबद्दल?"

"कशाबद्दल नाही मॅडम. एकंदर."

मी म्हटलं, सांगता येत नाही.

त्याने टॅबवर बोट ठेवलं आणि थांबला. "सांगता येत नाही की सांगायचं नाही? दोन्हींना वेगळा कोड आहे."

माझ्या वेळी एकच होता. मी त्याला आत बोलावलं, खुर्ची दिली, पाणी दिलं. त्याची अजून सहा घरं बाकी होती आणि तो घड्याळाकडे बघत होता. मी म्हटलं, थांब जरा, विचार करून सांगते.