पाया पडण्याची फी
बारावीनंतर एका मंडळानं मला पाच हजारांची शिष्यवृत्ती दिली. निवेदक माइकवरून म्हणाले, “साहेबांच्या पाया पड.” मी पडलो. मागोमाग बाबाही वाकले. साहेब त्यांच्याहून लहान होते. तो फोटो अजून घरात आहे.

अमेरिकेत, मिशिगनमधल्या कॅलामझू शहरात २००५ साली काही दात्यांनी नावं न सांगता सरकारी शाळांतल्या मुलांच्या कॉलेजच्या फीची हमी घेतली. गरिबीचा दाखला नको. बालवाडीपासून तिथं शिकलात तर राज्यातल्या सरकारी कॉलेजची पूर्ण फी, नववीपासून तर ६५ टक्के. पाया पडायला समोर कुणीच नाही.

जाब विचारायलाही नाही, हे मला खुपतं. उद्या त्यांनी हात आखडता घेतला तर मुलांनी कुणाचं दार वाजवायचं? तरी तो फोटो बघितला की मी कॅलामझूच्याच बाजूनं होतो.