उतारावरचे स्वातंत्र्य

डाव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाल्यानंतर क्लच दाबणे मला अवघड होऊ लागले आणि चाळीस वर्षे गिअर बदलण्यात मुरलेला माझा हात एकाएकी रिकामा झाला. मुलाने आग्रहाने स्वयंचलित गिअरची छोटी गाडी घेऊन दिली. दांडा 'डी'वर ठेवायचा आणि पाय अॅक्सिलरेटरवर. बाकी सारे गाडी पाहून घेते. बेळगावच्या सपाट रस्त्यांवर ही व्यवस्था मला इतकी मानवली की, आजवर आपण उगाचच कष्ट उपसले असे वाटू लागले. एके दिवशी सकाळी आम्ही उभयता त्याच गाडीने चोर्ला घाटातून पणजीस निघालो.

घाटमाथा ओलांडून केरीच्या दिशेने उतार लागला तेव्हा दांडा 'डी'वरच होता. पाय अॅक्सिलरेटरवरून काढला की, आता जोराची गरज नाही असे समजून गाडी वरचा गिअर घेई आणि उतारावर अधिकच सुटे. मग मी ब्रेक दाबी. वळणामागून वळण हाच क्रम चालला होता. अर्ध्या घाटात जळका वास येऊ लागला. पत्नीने नाकाला पदर लावला, पण ती काही बोलली नाही. रुंद जागा पाहून मी गाडी थांबवली. तेथे आपल्या टेम्पोचे टायर तपासत उभा असलेला एक तरुण चालक जवळ आला, चाकाशी वाकला आणि म्हणाला, ''काका, ब्रेकवर घाट उतरत नसतोय. गिअरात घाला की गाडी.''

मला शरम वाटली. ही गोष्ट मला ठाऊक नव्हती असे नाही. ब्रेकचे काम घर्षणावर चालते. गाडीचा वेग उष्णतेत बदलतो आणि ती उष्णता ब्रेकमध्ये साठत जाते. लांब उतारावर ती मर्यादेबाहेर गेली की ब्रेकची पकड सुटू लागते. खालचा गिअर घातला तर चाकांना इंजिन फिरवावे लागते आणि इंजिनाचा अडसरच गाडीला आवरून धरतो. जुन्या गाडीत मी हे विचार न करता करीत असे. या गाडीतही दांडा बाजूला सारून 'एम'वर नेला की अधिक-उणे करीत हवा तो गिअर घेता येतो, हे मुलाने पहिल्याच दिवशी दाखवले होते. 'आता या वयात कशाला ती उठाठेव' असे म्हणून मी ते विसरूनही गेलो होतो.

ब्रेक निवल्यावर आम्ही पुढे निघालो. दांडा 'एम'वर नेऊन मी तिसऱ्या गिअरमध्ये उतरू लागलो. एका तीव्र उतारावर वेग पन्नासच्या आसपास गेला. मी एकदा उणे केले, गाडीने दुसरा गिअर घेतला. घाबरलेल्या हाताने मी पुन्हा उणे केले. या खेपेस गाडीने बीप असा आवाज केला आणि पहिला गिअर घेण्याचे साफ नाकारले. त्या वेगात पहिला गिअर पडला असता तर इंजिन झेपेल त्यापेक्षा अधिक वेगाने फिरले असते. रात्री मुलाला फोनवर हकीकत सांगितली तेव्हा तो हसून म्हणाला, ''बाबा, ती तुम्हाला चूक करू देत नाही.''

त्या रात्री मला झोप लागली नाही. ज्या अधिकारात चूक करण्याची मुभाच नाही, त्याला अधिकार म्हणावे काय? 'एम'वर दांडा असताना गाडी मी चालवीत होतो, की मी चालवीत आहे असे मला वाटू देण्याइतपत गाडी समंजस होती?

स्वयंचलित गिअरचा इतिहास पाहिला तर ही शंका आणखी बळावते. जनरल मोटर्सने १९४० सालच्या ओल्डस्मोबील गाड्यांसाठी 'हायड्रामॅटिक' बाजारात आणली, तिचे सारे आकर्षण माणसाच्या डोक्यावरचा एक भार उतरवण्यात होते. पुढे सुमारे पन्नास वर्षांनी पोर्शे कंपनीने 'टिपट्रॉनिक' आणली आणि उतरवलेला तोच भार हौसेखातर माणसाच्या हाती परत दिला. पण तो परत देताना पूर्वीसारखा दिला नाही. अशा व्यवस्थेत आपण गिअर प्रत्यक्ष बदलत नाही, बदलण्याची विनंती करतो. मंजुरी यंत्राकडे असते. गाडी फारच मंदावली तर ते न विचारता खालचा गिअर घेते. म्हणजे हा राजा घटनात्मक राजा झाला. सही त्याची, कारभार मंत्रिमंडळाचा.

तत्त्वज्ञांनी या कोड्याचा विचार मोटारी नसतानाच करून ठेवला आहे. जॉन लॉकने सतराव्या शतकात एक दृष्टान्त दिला. झोपलेल्या माणसाला उचलून एका खोलीत आणून ठेवले आणि दाराला बाहेरून कुलूप घातले. जागा झाल्यावर पाहतो तर तेथे त्याच्या आवडीची व्यक्ती बसलेली. तो आनंदाने गप्पा मारीत राहतो. दार उघडून पाहण्याचे त्याच्या मनातही येत नाही. तो तेथे स्वेच्छेने राहिला आहे, परंतु तो स्वतंत्र नाही. लॉकच्या मते इच्छा आणि स्वातंत्र्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अमेरिकन तत्त्वज्ञ हॅरी फ्रँकफर्ट यांनी १९६९ मधील एका निबंधात हाच धागा पुढे नेला. समजा, मी एक विशिष्ट कृत्य करावे असे कोणाला तरी वाटते आणि मी वेगळा निर्णय घेऊ लागलोच तर ऐनवेळी हस्तक्षेप करण्याची त्याने गुप्त तजवीज करून ठेवली आहे. पण मी आपल्या बुद्धीने नेमके तेच कृत्य करतो आणि त्याला बोटही उचलावे लागत नाही. मला दुसरे काही करणे शक्य नव्हते हे खरे. तरीही ते कृत्य माझेच आणि त्याची जबाबदारीही माझीच, कारण ते माझ्या कारणांसाठी माझ्याकडून घडले. जो पर्याय मी वापरलाच नाही तो बंद होता की खुला, याने माझ्या कृतीचे स्वरूप बदलत नाही, असा फ्रँकफर्ट यांचा युक्तिवाद आहे.

हा युक्तिवाद मला पटतो. दुसरा गिअर मी घेतला, तो माझ्या समजुतीने घेतला. पहिला गिअर गाडीने नाकारला असता, एवढ्यावरून दुसऱ्या गिअरचे श्रेय गाडीकडे जात नाही. मर्यादा असलेले स्वातंत्र्य खोटे असते असे मानले, तर या जगात कोणाचेच स्वातंत्र्य खरे ठरणार नाही. किनारे आहेत म्हणून नदी वाहत नाही असे कोण म्हणेल?

परंतु विचार येथे थांबवला तर मुलाचे ते वाक्य तपासल्यावाचून राहते. गाडी मला चूक करू देत नाही, हे खरे आहे का? पहिला गिअर घेण्याची चूक तिने करू दिली नाही. मात्र अर्धा घाट 'डी'वर ठेवून ब्रेक जाळण्याची चूक तिने मला खुशाल करू दिली. त्या वेळी बीप वाजला नाही. पहिल्या चुकीत इंजिनाची हानी होती. दुसऱ्या चुकीत माझ्या पत्नीचा जीव गेला असता. यंत्राने अडवले ते यंत्राच्या रक्षणासाठी. माणसांच्या रक्षणाचा भाग त्याने मोकळा सोडला होता, आणि तो माझ्याकडे होता.

याला यंत्राचा दोष म्हणता येत नाही. वेग किती, इंजिन किती फिरते, पाय किती दाबला आहे, हे त्या गाडीला कळते. उतार ओळखणाऱ्या गाड्याही आता आहेत. पण पुढच्या वळणाआड बैलगाडी असेल, शेजारी बसलेली व्यक्ती घाबरली असेल, हे माझ्या गाडीच्या हिशेबात येत नाही. तिला वर्तमान कळते. पुढचे पाहणे मला शक्य असते. कठोपनिषदातील रथाच्या रूपकात इंद्रिये घोडे आहेत, मन लगाम आहे आणि बुद्धी सारथी आहे. घोडे कितीही शिकवलेले असले तरी सारथ्याला डुलकी घेण्याची सवलत त्या रूपकात कोठेही दिलेली नाही.

येथवर आल्यावर मला गाडीपेक्षा फार जुनी एक गोष्ट आठवली, आणि खरे सांगायचे तर झोप उडाली ती त्या आठवणीने.

मी एका शाळेत मुख्याध्यापक होतो. दहावीच्या वर्गातील एका मुलीची हजेरी ठरलेल्या टक्केवारीहून थोडी कमी भरली. तिची आई अंथरुणाला खिळलेली होती आणि घरात दुसरे बाईमाणूस नव्हते. अशा प्रसंगी तूट माफ व्हावी अशी शिफारस करण्याचा अधिकार मुख्याध्यापकाला होता. लिपिकाने हजेरी कमी असलेल्यांची यादी नेहमीप्रमाणे तयार केली, माझ्यापुढे ठेवली आणि मी नेहमीप्रमाणे सही केली. मुलीचे वडील भेटायला आले तेव्हा मी त्यांना म्हणालो, ''नियमच तसा आहे, माझ्या हातात काही नाही.'' ते नमस्कार करून गेले. मुलीचे वर्ष गेले आणि ती पुन्हा शाळेत आली नाही.

मी खोटे बोललो नव्हतो, असे मी अनेक वर्षे स्वतःला सांगत आलो. नियम तसाच होता. पण 'माझ्या हातात काही नाही' हे वाक्य खोटे होते. दांड्याला 'एम'ची खाच होती. मर्यादेबाहेरची शिफारस केली असती तर वरच्या कार्यालयाने ती बीप वाजवून परत पाठवली असती. तेवढी व्यवस्था तेथेही होती. परंतु मर्यादेच्या आत जी जागा होती ती मी वापरलीच नाही. नियमाने संस्थेला सांभाळले. मुलीला सांभाळण्यासाठी जो भाग मोकळा ठेवला होता, तेथे मीच नव्हतो.

जुन्या गाडीत गिअर बदलणे भागच होते, म्हणून माझ्या दक्षतेची कधी परीक्षाच झाली नाही. व्यवस्था स्वयंचलित झाली की कर्तव्य नाहीसे होत नाही, त्याची जागा बदलते. पूर्वी प्रत्येक वळणावर निर्णय घ्यावा लागे. आता निर्णय घ्यायचा की नाही, हाच निर्णय होऊन बसतो. तो न घेतल्याची खूण कोठेही उमटत नाही, म्हणूनच तो टाळणे सोपे असते.

याचा अर्थ दांडा सदैव 'एम'वर ठेवावा असा नव्हे. सपाट रस्त्यावर सतत अधिक-उणे करणारा चालक इंजिनाला शिणवतो आणि बरोबरच्यांना हिसके देतो. प्रत्येक प्रकरणात आपला विशेषाधिकार वापरणारा अधिकारीही तसाच. त्याच्या कचेरीत नियमाऐवजी ओळख चालू लागते. शंभरांपैकी नव्वद माणसांना नियमच न्याय देतो. उरलेल्या दहांना ओळखण्यासाठी खुर्चीत माणूस बसवलेला असतो. उतार केव्हा लागला हे ज्याला कळत नाही, त्याच्या हाती दोन्ही खाचा सारख्याच निरुपयोगी.

त्या मुलीचा पत्ता मी काही वर्षांपूर्वी शोधण्याचा प्रयत्न केला होता. तो लागला नाही. सापडली असती तरी काय बोललो असतो ते मला माहीत नाही. अलीकडे गोव्यास जाताना उतार सुरू होण्यापूर्वीच मी दांडा 'एम'वर नेतो. पत्नी दर वेळी त्या हाताकडे पाहते आणि मग खिडकीबाहेर बघू लागते.